मुठीतला पिस्टन

पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी अडकला तो अडकलाच. सासऱ्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, गोल फिरवून पाहिलं आणि सुनेकडे न बघता नुसतं "हं" केलं. झालं, निकाल लागला.

आपलं माप चुकलंय हे सुनेला पटेचना.

शर्त साधी होती. घराच्या मागच्या खोलीत सासरे तळहातावर मावतील एवढी इंजिनं बनवत. खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, आतली हवा तापली की चाक फिरायला लागतं. खोलीतल्या लेथला, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्राला, हात लावायची मात्र कुणाची टाप नव्हती. त्यांच्या मुलाने लहानपणी त्या लेथवर पेन्सिलीला टोक काढलं होतं, त्याला आता स्वतःचे केस पिकले तरी या खोलीत हात खिशात घालूनच यावं लागे. आत्ताही तो तसाच दारात उभा होता. आणि सुनेला तर लेथ हवा होता. चांगला हक्काने, दर सुटीच्या दिवशी. मग सासऱ्यांनीच सांगितलं, एवढ्या कामापुरता लेथ वापर आणि या सिलिंडरला पिस्टन करून दाखव. स्वतःच्या वजनाने खाली उतरला तर लेथ तुझा, नाही उतरला तर पुन्हा विषय काढायचा नाही. ती लगेच हो म्हणाली होती. दातांच्या कॅप बनवण्यात तिची हयात गेली होती. केसभर उंच दात माणसाला धड जेवू देत नाही, तिथे या बिडाच्या तुकड्याची काय कथा!

"थोडा मोठा राहिलाय," सासरे म्हणाले. "होतं पहिल्या वेळी. मी घासून देतो."

ते इतक्या मायेने म्हणाले की तिला जास्तच लागलं. त्यांनी घासायच्या पेस्टची डबी उघडली. एकदा का ती पेस्ट लागली की संपलं. पिस्टन आज आत जाईल, पण उद्या ढिला पडेल, बाजूने हवा निसटेल आणि चाक फिरणार नाही. मग जन्मभर ऐकायचं, सूनबाईंचा पिस्टन होता ना.

सकाळी माप बरोबर होतं. पिस्टन सासऱ्यांच्या हातात देण्याआधी तिने पुन्हा घेतलं, तेव्हाही बरोबर होतं. मग मधल्या मध्ये हा वाढला कुठे?

तेवढ्यात सासूबाई कप न्यायला आल्या. चहावर जाड साय धरली होती. "बोलायला लागले की यांचा चहा गारच होतो," त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या.

बोलायला तर ते लागलेच होते. पिस्टन हातात आल्याबरोबर त्यांचं प्रवचन सुरू झालं होतं. घाई कशी नडते, पहिलं इंजिन कसं फसलं, लोखंडाला ऊब लागली की ते कसं फुगतं. आणि हे सगळं पिस्टन मुठीत घट्ट धरून! तिला एकदम हसूच फुटलं.

"बाबा, डबी खाली ठेवा," ती म्हणाली. "पिस्टन मोठा नाही. त्याला ताप आलाय."

दारातल्या नवऱ्याने छताकडे बघायला सुरुवात केली. बाबांना या खोलीत असं कुणी सांगितलेलं त्याने तरी ऐकलं नव्हतं.

"या वयात माझ्या मुठीत कसली आलीये एवढी ऊब?"

"बघूच की. मेणाचा दात मी कधी मुठीत धरून गप्पा मारत नाही. आई, यांना दुसरा चहा द्या. तो संपेपर्यंत पिस्टनला कुणी हात लावायचा नाही."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं आणि झाकण लावलं. पिस्टन खोलीतल्या ओट्याच्या थंडगार दगडावर सिलिंडरशेजारी जाऊन बसला. चहा आला. एक शब्द न बोलता, पिस्टनवर नजर ठेवून सासऱ्यांनी तो गरमागरम संपवला. सासूबाई रिकामा कप हातात घेऊन बघतच राहिल्या.

सुनेने आपला कामावरचा चिमटा काढला. सिलिंडर उभा धरून सासऱ्यांना खालचं भोक बोटाने बंद करायला सांगितलं आणि पिस्टन चिमट्याने अलगद वरून सोडला. तो कुठेही न अडता आत गेला आणि मध्येच हवेवर थांबला. सासऱ्यांनी बोट काढलं. पिस्टन आवाज न करता, झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा, हळूहळू तळाशी उतरला.

त्यांनी तो काढायला लावला. पुन्हा सोड म्हणाले. मग पुन्हा. खात्री पहिल्याच वेळी पटली होती, पण त्यांना त्यात मजा यायला लागली होती. तिला तर इतका आनंद झाला होता की ती दिवसभर सोडत बसली असती.

शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ॲप्रनच्या खिशातून लेथची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली आणि फळीवरून पितळेचा एक जाडजूड गोल तुकडा खाली घेतला.

"याचं चाक करायचंय. पितळेचा स्वभाव वेगळा बरं का," त्यांनी सुरू केलं, "त्याला..."

बोलता बोलता ते थांबले. तुकड्यावरची बोटं त्यांनी एकेक करून उचलली आणि दोन्ही हात खिशात घालून, मुलाशेजारी जाऊन उभे राहिले.