पहिली खुंटी

"खुंटी ठोकली नाही ना अजून?" दारातच वकीलबाईंनी विचारलं. या नाही, बसा नाही.

मोजणीदाराने हसू ओठांतच दाबलं. टेकडीवर चढणारा हा अरुंद रस्ता चौपदरी होणार होता, आणि वरच्या वस्तीने तो होऊ न द्यायचा विडा उचलला होता. रस्त्याच्या तोंडाशी त्यांचा भलामोठा फलकच होता: 'खुंटी ठोकू नका. मागे फिरा.' तो फलक रंगवणारा माणूस त्याची गाडी बघून दोन्ही हात हलवत, ओरडत धावत आला होता. पण आंदोलकांच्या नादी लागायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. मोजणीदाराने त्याच्याकडे बघून मान हलवली, आपलं काम केलं, गाडी तिथेच ठेवली आणि लोकांशी दोन गोड शब्द बोलावेत म्हणून तो चालत वर आला होता.

"तुमचं म्हणणं ऐकायला आलोय, बाई."

"ऐका की. आधी खुंटीचं सांगा."

खोलीत आणखी दोघं होते. एकाला सगळे कंत्राटदार म्हणत, दुसऱ्याला रोलरवाला. रोलरवाल्याच्या हातात झाडू होता. रस्त्याची निगा मात्र वाखाणण्याजोगी होती. पाचोळ्याचं पान नाही, खड्डे हाताने बुजवलेले. तान्ह्या लेकराला जपावं तसा या लोकांनी तो जपला होता.

एकच गोष्ट मोजणीदाराला खटकली. घरातही सगळ्यांच्या पायात बूट होते, आणि दाराशी भरलेल्या पिशव्या.

"कुठे निघालात की काय?"

"निघायचंच आहे," कंत्राटदार म्हणाला. "रस्ता मनावर घेईल तेव्हा."

कोणी हसलं नाही.

"खाली नदीवरचा पूल झाला का हो पुरा?" रोलरवाल्याने विचारलं. "आलो तेव्हा नुसते खांब उभे होते."

मोजणीदाराने त्याच्याकडे निरखून पाहिलं. रोलरवाला त्याच्याच वयाचा असेल. आणि तो पूल मोजणीदाराच्या आजोबांच्या तरुणपणी बांधलेला.

"झाला, झाला," तो म्हणाला. टर उडवायची तर उडवू देत. "हे बघा, मला जरा लवकर निघायचंय. लेक सायकल शिकतेय. संध्याकाळी मागून धरायचा शब्द दिलाय तिला. पडते, पण हट्ट सोडत नाही. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढायचं आणि मारायचं पायडल. काहीही मन लावून केलं की तिची जीभ बाहेर आलीच."

वकीलबाई पाठमोऱ्या झाल्या. "मग उठा. आल्या पावली परत जा. खुंटी ठोकली नसेल तर."

"ठोकली की. त्याशिवाय मोजणी सुरू कशी होणार? तुमचं मन दुखत असेल तर जाताना उपटून टाकतो."

रोलरवाल्याने झाडू भिंतीला टेकवला. वकीलबाईंनी इतका वेळ झाकून ठेवलेला चहाचा कप मोजणीदारापुढे सरकवला.

"घ्या," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "आता घाई नाही."

त्याने चहाला हात लावला नाही. तडक उठून तो उतार उतरू लागला. वळणं संपली, फलक दिसला, फलकापलीकडे गाडीही दिसली. तो फलक ओलांडून पुढे गेला आणि वस्तीच्या वरच्या टोकाला येऊन उभा राहिला. समोर रोलरवाला रस्ता झाडत होता.

तो पुन्हा पळत खाली गेला. पुन्हा वर आला.

"पहिल्या दिवशी सगळेच पळतात," रोलरवाला म्हणाला. "मीही हा रस्ता रुंद करायलाच आलो होतो, दादा. बाई कंपनीतर्फे जमिनीची बोलणी करायला आल्या होत्या. जपतोय आता याला. कधीतरी राग जाईल, सोडेल. तोवर निदान आणखी कोणाची भर नको, म्हणून तो फलक."

काही दिवसांनी फलक रंगवायची पाळी मोजणीदाराची आली. त्याच्याही पायात बूट होते, पिशवी दाराशी होती. जिथे त्याने गाडी ठेवली होती तिथे कमरेएवढं झुडूप माजलं होतं. कालपरवापर्यंत तर गाडी दिसत होती. अक्षरं गिरवताना एकच विचार त्याच्या मनात होता: सायकल मागून कोणी धरली असेल?

इंजिनाचा आवाज आला. पलीकडे एक जीप थांबली. तिच्यातून एक तरुण बाई उतरली. हातात खुंटी, खांद्याला पिशवी. मोजणीदाराने ब्रश फेकला आणि दोन्ही हात हलवत, ओरडत तो धावला. तिने त्याच्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवली, गुडघ्यावर बसून खुंटी मातीत सरळ धरली आणि, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून, हातोडा उचलला.