दोन नावांचा लेख

'शेवळांची भाजी पोशेऱ्यात अजून मिळते का गं? गोजाबाईंना विचारशील?'

लेखाच्या समासात सौरभने टाकलेला प्रश्न शायस्ताने पुन्हा वाचला. प्रश्न दीप्तीला होता. आणि दीप्तीचं दहावं कालच झालं होतं.

जव्हारच्या बाजारात लतीफभाईंचं शिलाईचं दुकान. त्याच्या मागच्या अंगाला पडदा लावून त्यांच्या मुलीने, शायस्ताने, दोन कॉम्प्युटर बसवले होते. जामसरच्या शाळेत शिकवणारी दीप्ती तिची लहानपणापासूनची मैत्रीण. दर शनिवारी ती इथे येऊन बसायची आणि ठाण्याच्या सौरभबरोबर लेख लिहायची. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. रानभाज्यांवरच्या एका इंटरनेट गटात ओळख झाली, आणि एकच लेख दोघं दोन गावांहून लिहू लागले. इकडे वाक्य खोडलं की तिकडे खोडलेलं दिसायचं. भुकेच्या महिन्यांत पाड्यावरची माणसं रानातलं काय खातात आणि त्यातलं काय नाहीसं होतंय, ते त्यांना मांडायचं होतं. तेही कुणालाही फुकट वाचता येईल अशा नियतकालिकात.

"आधी शब्दाशब्दावरून भांडायचा," दीप्ती एकदा हसत म्हणाली होती. "हल्ली सगळं ऐकतो. शहाणा झालाय."

मग पावसाळ्यात तिला कावीळ झाली. नाशिकला नेली, ती परत आली नाही.

पासवर्ड शायस्ताला ठाऊक होता. सौरभला कळवायचं म्हणूनच तिने लेख उघडला होता. 'दीप्ती गेली' एवढंच लिहायचं. पण बोटं अडली. तिने लिहिलं, 'विचारून सांगते.'

शनिवारी ती जीपने पोशेऱ्याला गेली.

"ती मास्तरीण नाय आली?" पाड्यावरच्या गोजाबाईने विचारलं.

"नाही. मला धाडलंय."

"शेवळा कुठली आता, बाय? रान तोडला, सावली गेली. सावली गेली तं शेवळा पण गेली."

शायस्ताने ते दीप्तीच्या नावाने लेखात घातलं. मग पुढचा प्रश्न आला, त्यालाही उत्तर दिलं. असं करत हिवाळा सरला. ती स्वतः बी.एस्सी. झालेली, लिहिणं तिला जड गेलं नाही. जड जायचं ते वेगळंच. 'घाई नको. तब्येत सांभाळ,' असं सौरभने लिहिलं, त्या दिवशी ती उठून दुकानामागे जाऊन रडली.

लतीफभाईंनी कात्री खाली ठेवली. "बेटा, मेलेल्या पोरीच्या नावाने कुठवर बोलशील?"

"लेख पुरा होईपर्यंत, अब्बा."

"आणि तो तिकडे तिला जिवंत समजतोय, त्याचं काय?"

दीप्तीच्या आईवडिलांनाही तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरावरून जाताना ती मान खाली घालायची.

पुरा झालेला लेख पाठवला, आणि उन्हाळ्यात नियतकालिकाने तो स्वीकारल्याचं कळलं. छापण्याआधी दोन्ही लेखकांची संमती हवी होती. सौरभची लगेच गेली. शायस्ता कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. गेलेल्या माणसाने हो म्हटलं, असं कसं कळवायचं? आणि इतक्या महिन्यांनी सौरभला खरं सांगायचं, तर ते समासात लिहून भागणार नव्हतं.

लेखाच्या पहिल्या पानावर दोघांचे पत्ते होते. तिने ठाण्याची एसटी पकडली. वाटभर एकच वाक्य ती मनात फिरवत होती: सौरभदादा, मी दीप्ती नाही.

दार पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी उघडलं.

"सौरभ इथेच राहतात ना? मी जव्हारहून आलेय."

बाईंचा हात कडीवरच थांबला. मग त्यांनी शायस्ताला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं.

"तुम्ही त्यांच्या आई?"

त्यांनी मानेनेच हो म्हटलं.

"मला त्यांना काही सांगायचंय," शायस्ता म्हणाली.

"आधी माझं ऐकून घे, दीप्ती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "रागावू नकोस. सौरभला जाऊन दोन वर्षं झाली. तुला कळवायला म्हणून बसले, पण लिहवेना. तेव्हापासून त्याच्या नावाने मीच लिहितेय. तू होतीस म्हणून तगले गं, बाळा."