पितराचं ताट

"ये शिवाजी, बस बाळा," असं म्हणून साळूबाईनं साठीतल्या अप्पारावांच्या पायांवर पाणी घातलं.

पितरपाटात गेलेल्याच्या नावानं ज्याला जेवू घालायचं, त्याला त्या दिवशी गेलेल्याच्याच नावानं हाक मारायची, ही त्या घरची रीत. साळूबाईचा शिवाजी पलटणीतला. लंकेच्या लढाईत पडला, तिथंच त्याला अग्नी दिला. घरी आली ती तार आणि पत्र्याची पेटी. सलग चौथ्या वर्षी तिनं आवतण दिलं ते भावकीतल्या थोरल्या दिरालाच, अप्पारावांना. पितराचं आवतण कुणी मोडत नाही.

"यंदा शिवाजीनं अंग धरलंय बरं का!" पंगतीतून शेजारचा रखमाजी म्हणाला.

साळूबाईच्या तोंडात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. तिनं खीर वाढली, वडे वाढले, कढी वाढली. मग ताटासमोर हात जोडून बसली.

"मनात काही राह्यलं का रं बाळा?"

दरवर्षी अप्पाराव नुसती मान हलवत आणि ती "मंग सुखानं जा" म्हणे. यंदा ती उठली नाही. आवाज मात्र तसाच, देवघरातल्यासारखा हळू.

"अप्पारावच्या हिरीवरची मोटार तूच चोरल्ती का रं?"

पंगतीतले हात थांबले. अप्पारावांनी भर चावडीत शिवाजीला चोर ठरवलं होतं. त्यानंतर आठ दिवसांत पोरानं गाव सोडून पलटण गाठली होती.

"साळूबाई, हे काय काढलं..."

"साळूबाई कोण? आई म्हण. पितराच्या पाटावर बसलास तू. हितं खोटं बोललास तर तो तिकडं उपाशी ऱ्हाईल. अन् अर्ध्या ताटावरून उठलास, तर कुणाच्या घराला भोवतं ते तुला ठाऊक हाय."

अप्पारावांच्या हातातल्या घासाची खीर मनगटावरून ओघळली.

"मी न्हाई चोरली... आई."

"मंग कुणी?"

"अप्पारावच्या पोरानं, धर्मराजनं. परतूरला नेऊन इकली." ते हळूच बोलले. "अप्पारावला समदं ठाऊक होतं."

"मोठ्यानं. समुद्रापल्याड जायला पाहिजे."

ते मोठ्यानं बोलले. रखमाजी ताटातल्या वड्याकडं बघत राहिला.

साळूबाईनं आणखी एक वाटी खीर वाढली. ती त्यांनी संपवली.

हात धुताना अप्पाराव पुटपुटले, "साळूबाई, आता तरी मोकळं करा मला."

साळूबाईनं तांब्या खाली ठेवला, पदर सावरला आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.

"पुढल्या साली ह्याच तिथीला या, भावजी. समदी भावकी बलावते, अन् हाच सवाल इचारते. माझ्या लेकराला घरी यायला दुसरे पाय न्हाईत."