दुसरा बेस

मैथिलीचा पाय शेवटच्या बेसला लागला आणि हलगी कडाडली. जिल्ह्याची फायनल, बरोबरीत अडकलेला स्कोअर, शेवटचा डाव, दोघी आउट झालेल्या, आणि त्यात ही जिंकून देणारी रन! आठ वर्षांत पहिल्यांदा कप कोल्हापूरच्या मुलींचा. संघातल्या अक्षताचे आजोबा केरबा यांनी सकाळपासून मांडीवर धरून ठेवलेली गुलालाची पिशवी एका दमात रिकामी केली. बेसबॉल म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं, पण जिंकणं कळायला कोल्हापूरच्या माणसाला नियम लागत नाहीत.

कोच रूपाली मॅडम पहिल्या बेसपाशी उभ्या होत्या. एके काळच्या पैलवान. त्यांच्या सगळ्यात जवळ होती अक्षता, पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे धावत निघालेली. मॅडमनी चार ढांगांत तिला गाठलं, कमरेला धरून उचललं आणि खांद्यावर बसवलं. आमच्याकडे जिंकलेल्याचे पाय जमिनीवर ठेवायची पद्धतच नाही.

"मॅडम, खाली सोडा!" अक्षता वरून ओरडली.

"आज न्हाय सोडत!"

"मॅडम, दुसरा बेस! मी दुसऱ्या बेसला पोचलोच न्हाय!"

हलगीच्या दणक्यात शब्द कानात शिरले, पण डोक्यात उतरायला वेळ लागला. उतरले तेव्हा मॅडमचा गुलालाखालचा चेहरा पांढरा पडला.

कारण दुसऱ्या बेसची गोष्ट त्यांचीच होती. आठ वर्षं रोज सराव संपला की त्या ती सांगत. साल १९०८, गाव न्यूयॉर्क. अशीच शेवटची रन निघाली, लोक मैदानात घुसले, आणि पहिल्या बेसवरून धावणारा एकोणीस वर्षांचा पोरगा दुसऱ्या बेसला पाय न लावताच मैदानाबाहेर वळला. समोरच्यांनी बॉल आणून त्या बेसवर पाय ठेवला. मागून फटका मारणारा पहिल्या बेसकडे येत असताना पुढच्यानं दुसरा बेस गाठायलाच लागतो; पोरगा तिसरा आउट, म्हणून रन रद्द, हातातली मॅच गेली. "एवढंसं काम, पाय लावायचा!" मॅडम दातओठ खाऊन म्हणत. "शंभर वर्षं जग हसतंय त्या खुळ्याला!" आणि सरावात जी मुलगी बेस चुकवेल, तिनं दहा वेळा पळत जाऊन दुसऱ्या बेसला पाय लावून यायचं, बाकीच्यांनी मोठ्यांदा मोजायचं, ही शिक्षा ठरलेली.

समोरच्या मलकापूर संघाचे कोच जोतीराम सर मात्र गुलालात हरवले नव्हते. त्यांची एक मुलगी लांब कोपऱ्यात बॉल छातीशी धरून हुंदके देत होती. "बाळ, रड तू, निवांत रड," सर म्हणाले. "पण चालत चालत रड. आणि दुसऱ्या बेसवर येऊन थांब."

मॅडम अक्षताला खांद्यावर घेऊनच पळत सुटल्या. तिला खाली उतरवावं हे सुचलंच नाही. गर्दीला वाटलं, मिरवणूक निघाली. सगळे नाचत आडवे आले आणि हलगीवाला तर मॅडमच्या तोंडासमोर उलटा चालायला लागला. दहा पावलं उरली असताना मलकापूरच्या मुलीनं बाहीला नाक पुसलं आणि बेसवर पाय ठेवला. पंचांनी हात वर केला. आउट. रन रद्द.

"ओ पावणं," केरबा पंचांच्या अंगावर धावून गेले, "एकदा गुलाल पडल्यावर निकाल बदलतोय व्हय कुठं?"

"नियम हाय, आजोबा."

मॅडमना भलतीच शंका आली. धापा टाकत त्यांनी जोतीराम सरांना विचारलं, "ह्यो नियम तुमास्नी कुणी सांगितला?"

"तुमीच की. गेल्या मे महिन्यातल्या शिबिरात." सर जरा ओशाळले. "गोष्ट लई रंगवून सांगताय तुमी."

जादा डावात मलकापूरनं एक रन जास्त काढली आणि कप नेला. गुलाल संपला होता, म्हणून कोरडाच नेला.

मैदान रिकामं झालं. मुली बाकावर बसून राहिल्या. रूपाली मॅडम समोर उभ्या होत्या, डोक्यापासून बुटापर्यंत लाल. कप गेल्याचं दुःख होतंच, पण आठ वर्षं एका परक्या पोराला खुळा म्हटलं, त्याची लाज जास्त बोचत होती.

"मॅडम," अक्षता म्हणाली, "त्या न्यूयॉर्कच्या पोराचं पुढं काय झालं?"

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. गोष्ट नेहमी खुळ्यापाशीच संपायची.

"त्याच्या कोचनं त्याला काढलं न्हाय," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "पुढं लई वर्षं खेळला त्यो."

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. ठरवायला पाच सेकंदही लागले नाहीत.

"मग आमीबी तुमास्नी काढत न्हाय," अक्षता म्हणाली. "पण बेस चुकला त्यो चुकलाच. दहा येळा."

मॅडमनी वाकून बुटाची नाडी घट्ट केली आणि पळाल्या. मुली मोजायला लागल्या. घरी निघालेला हलगीवाला परत फिरला आणि त्यानं मोजणीला ठेका धरला. एक, दोन, तीन. सहाव्या फेरीला मुली बाकावरून उठल्या, आठव्याला केरबाही मोजायला लागले. नऊ झाल्यावर मॅडमचे गुडघे बोलायला लागले. दहाव्या फेरीला त्या कशाबशा बेसपर्यंत गेल्या आणि हुश्श करून वळल्या.

"मॅडम," मैथिली दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "पाय लागला न्हाय! परत एकपासून!"