सांगलीचं पेंडिंग

तिसरा मेसेज आला आणि पृथ्वीराजनं चहाचा पेला खाली ठेवला.

"सांगलीच्या हॉटेलात माझं कार्ड चाललंय," तो तानाजीला म्हणाला.

पहिला मेसेज चष्म्याच्या दुकानाचा होता, दुसरा पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानाचा. दोन्ही सांगलीचे. पृथ्वीराज जम्मूला पलटणीत, बायको संयोगिता रहिमतपूरला, आणि कार्ड घरी. पगार देव्हाऱ्यात ठेवायची त्यांच्या घरातली जुनी रीत. तो शाळेत असतानाच वडील वारले, पण पृथ्वीराजनं रीत मोडली नाही. सुट्टी संपली की तो कार्ड देवापुढं ठेवायचा. आई, मनुबाई, त्याची आलाबला घ्यायची. तिच्या मोकळ्या मनगटांकडं त्याला बघवायचं नाही. मग तो निघायचा. कार्ड घरात आणि मेसेज याच्या फोनवर, असा कारभार होता.

तानाजी आष्ट्याचा, त्याच्याच पलटणीतला. त्यानं फोन हातात घेतला.

"ह्ये बघ गड्या. चष्मा नि कापडं, ह्ये पैसं कटल्यात. हॉटेलचं पेंडिंग दावतंय. खोली धरली की हॉटेलवालं रक्कम अडवून ठेवत्यात. माणूस जाऊन ऱ्हायला, की कटती. न्हाई गेला, तर परत खात्यात."

"म्हंजे अजून कोण गेलं न्हाई तिथं?"

"अजून तरी न्हाई."

पृथ्वीराजच्या डोळ्यांपुढं एकच माणूस आला. वीरधवल. संयोगिताच्या कॉलेजातला, सांगलीचा, जाड भिंगांच्या चष्म्याचा. लग्नात आहेर घेऊन आला आणि तिच्याशी खिदळत बसला. तेव्हापासून तो पृथ्वीराजच्या डोळ्यांत खुपत होता. आता तर अंगाची लाही लाही झाली. आपण इथं थंडीत काकडायचं, आणि त्या चष्मेवाल्याला आपल्या पगारातून नवे सदरे!

त्यानं घरी फोन लावला.

"चष्मा कुणाला घेतला गं?"

संयोगिता हसली. "आवं, माणसाला नीट दिसाय नको व्हय?"

"कुठल्या माणसाला?"

"तुमी सुट्टीवर आला की सांगते. फोनवर सांगायसारखं न्हाई त्ये."

वर हसते! त्यानं आईला फोन द्यायला लावला. मनुबाई दबक्या आवाजात बोलली.

"पोरा, घरात काय झालं तर राग धरू नगंस. संयोगिता लय गुणाची हाय रं."

म्हणजे आईलाही ठाऊक! सुनेची थेरं पोटात घालून बसलीय बिचारी. पृथ्वीराजला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

आई आजारी असल्याचं खोटं सांगून त्यानं रजा काढली. गाडीत सारखा फोन उघडून बघायचा. दिल्लीला पेंडिंग. पुण्याला पेंडिंग. त्या एका शब्दावर त्याचा संसार टांगला होता. खोली रद्द होऊ दे, पैसे परत येऊ देत, मी तिला एका शब्दानं विचारणार नाही, असं त्यानं देवाला कबूल करून टाकलं. वीरधवलची मान मुरगाळावी असंही वाटत होतं, पण त्याआधी ती आपली राहावी असं वाटत होतं.

कोरेगाव गेलं. रहिमतपूरला गाडी थांबली. तो बॅग घेऊन दारात आला, आणि खिशातला फोन वाजला.

पेंडिंग गेलं होतं. रक्कम कटली होती.

तो उतरलाच नाही. गाडी सुटली, घराकडची वाट मागं पडली, आणि तो दारातच उभा राहून सांगलीपर्यंत गेला.

हॉटेलच्या काउंटरवर त्यानं संयोगिताचं नाव सांगितलं. "मी नवरा तिचा," तो म्हणाला. खोली वरच्या मजल्यावर होती. आतून हसण्याचा आवाज येत होता. तिचाच. त्यानं दारावर मूठ आपटली.

दार संयोगितानं उघडलं. लग्नातला शालू, केसांत गजरा. त्याला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुठाय त्यो?" पृथ्वीराज ओरडला.

"आवं, आवाज चढवू नगासा. तुमाला माझ्या गळ्याची आन हाय."

तिला बाजूला सारून तो आत घुसला. नवा सदरा, नवा चष्मा घातलेला एक माणूस खुर्चीवरून धडपडत उठला. वीरधवल नव्हता. त्याचे केस पिकलेले होते.

त्याच्याशेजारी मनुबाई उभी होती. तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता.