नांगराचं वजन

‘‘सध्या नांगर किती माणसं ओढतात?’’ दामिनीने फॉर्मवरची नजर न काढता विचारलं.

‘‘एक,’’ श्रीहरी म्हणाला. ‘‘मी.’’

तलावाच्या काठी मच्छीमार सोसायटीची दहा-बारा माणसं जमली होती. पर्यटकांना फिरवायच्या बोटीवर, बटण दाबलं की नांगर वर ओढणारं मशीन बसवायचं ठरलं होतं. लहान घ्यायचं की मोठं, ते नागपूरच्या दुकानदाराला आजच कळवायचं होतं. दामिनी सोसायटीची सचिव, वायरमनचा कोर्स केलेली. अंदाजपंचे काही लिहायचं नाही, हा तिचा हट्ट.

‘‘नांगराचं वजन?’’

‘‘असंल पंधराक किलो. लहानच बोलाव. खरं म्हंजे बोलावूच नको. माह्या हाताले का कीड लागली?’’

‘‘भाऊ, कमी लिवलं त लहान मशीन येईन, आन महिन्याभरात जळन. मंग बसू बोंबलत. मी मोजूनच लिवते.’’

मासळी तोलायचा काटा मोहाच्या फांदीला टांगलेलाच होता. काठाला लावलेल्या बोटीचा नांगर त्याच्या खालीच पडला होता. काटा वाचायचं काम चैतूचं, म्हणून तो पुढे येऊन उभा राहिला.

हाच चैतू गेल्या होळीपर्यंत बोटीच्या टोकाशी बसायचा. तलावाच्या मधोमध, बुडालेल्या झाडांपाशी नांगर टाकायचा आणि पाहुण्यांचे पक्षी बघून झाले की ओढायचा. त्याची कंबर धरली तेव्हा याच माणसांसमोर श्रीहरी म्हणाला होता, ‘‘नांगर उचलत नसंल त बायकोले घेऊन येत जा.’’ सगळे पोट धरधरून हसले होते. दुसऱ्या दिवसापासून चैतू बोटीवर आलाच नाही. त्याची जागा श्रीहरीला मिळाली, आणि ती आपल्या मनगटाच्या जोरावर मिळाली असं तो ज्याला त्याला सांगत आला.

‘‘उचल भाऊ, लाव काट्याले,’’ कोणीतरी म्हणालं.

श्रीहरीने तळहातांवर थुंकी टाकली, वाकला, नांगर धरला. उजवा खांदा पोळ्यापासून कामातून गेला होता, पण ते सांगायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. नांगर गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. त्याने एक हिसका दिला. खांद्यातून कळ निघाली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर जाईना, खाली टाकवेना. सगळे बघत होते.

त्याची बायको गोकुळा बाजूलाच लाइफ जॅकेटं वाळत घालत होती. पाहुण्यांना जॅकेट घालून द्यायला ती रोज बोटीवर असायची. तिने हातातलं जॅकेट खाली टाकलं, पदर खोचला आणि नवऱ्याच्या उजव्या अंगाला येऊन लोखंडाचं दुसरं टोक धरलं. तिने ‘‘हं’’ म्हटलं, त्याने ‘‘हं’’ म्हटलं. दोघांचाही डावा पाय एकदमच पुढे पडला, आणि नांगर अलगद उठून आकड्यात जाऊन बसला. कुठे धर, कसं धर, एका शब्दाने विचारावं लागलं नाही. रोजच्या सवयीशिवाय असं जमत नाही, आणि ते न कळायला तिथे कोणी आंधळं नव्हतं.

आपण काय केलं ते गोकुळाला मग उमगलं. तिने जीभ चावली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणायची श्रीहरीची सवय. आज एकाचाही दात दिसला नाही, आणि तेच त्याला सोसवेना. चैतूने तरी हसावं, निदान तेव्हाचा तो शब्द तोंडावर फेकून मारावा, असं त्याला वाटलं.

‘‘एकतीस किलो,’’ चैतू म्हणाला. तेवढंच. काट्याची सुई केव्हाच थांबली होती, तरी तो तिच्याकडेच बघत राहिला. श्रीहरीकडे बघावं लागू नये म्हणून.

मेल्याहून मेल्यासारखं झालं श्रीहरीला.

‘‘पाणी किती खोल?’’ दामिनीने घाईघाईने पुढचं विचारलं.

‘‘थांब. मांगचं खोड.’’

‘‘वजन त मोजूनच लिवलं मी भाऊ. एकतीस.’’

‘‘त्याच्या मांगचं. माणसं किती, ते.’’ जमिनीकडे बघतच तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, ‘‘दोन लिव. बायकोले घेऊन येतो मी. पोळ्यापासून.’’

दामिनीने एक खोडून दोन केलं.

चैतूने आता कुठे काट्यावरून नजर काढली. नांगर त्याने तसाच टांगता राहू दिला. एक हात कमरेवर ठेवून तो हळूहळू वाकला आणि चिखलात पडलेलं नांगराच्या साखळीचं टोक हातात घेतलं.

‘‘साखळी मोजायची राह्यली ना अजून,’’ तो म्हणाला. ‘‘ये भाऊ. वहिनी, तुमीबी या. तिघं लागतीन.’’