सासूबाईंचं विरजण

२०१८ सालच्या मे महिन्यात डेअरीचं दही सलग नवव्या दिवशी लागलं नाही. टाकीत सकाळी दूध होतं, दुपारीही दूधच. प्रयोगशाळेचे प्रमुख राजवर्धन सर पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नमुने तपासून ते म्हणाले, "विषाणू आहे. माणसांना त्रास नाही, पण दह्याचे जिवाणू मारतोय."

विरजण बदललं की चार दिवस बरे जात. मग विषाणूही बदले आणि पुन्हा तेच.

शिवलीला त्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिच्या डब्यात रोज दही असे. सरांची नजर त्यावर गेली.

"हे कुठलं?"

"घरचं. सासूबाईंचं विरजण आहे. गडहिंग्लजचं, त्यांच्याही सासूपासूनचं."

सरांनी चमचाभर मागून घेतलं. दुधाला ते लावून त्यात विषाणू सोडला. दुसऱ्या दिवशी दही सुरीनं कापावं इतकं घट्ट होतं.

"या जिवाणूंच्या डीएनएत कुठंतरी बदल झालाय," सर म्हणाले. "विषाणूला आत शिरायला दारच सापडत नाही."

डीएनए तपासायला नमुना पुण्याला गेला. इकडे डेअरीनं ठरवून टाकलं की दह्याच्या कपावर सासूबाईंचा फोटो छापायचा आणि खाली लिहायचं, तीन पिढ्यांचं विरजण.

शिवलीलाची सासू महादेवी राजारामपुरीतल्या स्टुडिओत हिरवं इरकल नेसून फोटो काढून आली. तिच्या सासूनं मरताना थोरल्या सुनेला, दानेश्वरीला, डावलून विरजणाची दगडी वाटी महादेवीच्या हातात दिली होती. "मोडू नको," एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून भावकीतली प्रत्येक नवी नवरी महादेवीकडून चमचाभर विरजण नेई. दानेश्वरी चाळीस वर्षांत ते विसरली नव्हती.

रिपोर्ट यायचा त्या दिवशी महादेवीनं जावेला मुद्दाम बोलावून घेतलं.

"कपावर तुझा फोटो?" दानेश्वरी म्हणाली. "म्हशीचा लावाय पायजे."

"लावतील की. तुमचा चांगलासा असला तर द्या."

शिवलीला हसू दाबत आत गेली. तेवढ्यात राजवर्धन सर आले. चहा नको म्हणाले.

"मावशी, जरा अडचण आहे. हे विरजण गडहिंग्लजचं नाही. आमच्या डेअरीच्या जिवाणूंच्या सगळ्या वाणांशी ताडून पाहिलंय. सतरा नंबरचा वाण आहे. घरात वाढता वाढता एका ठिकाणी बदल झाला आणि त्यानंच ते वाचलं. पण मूळ आमच्या कपातलंच. मग तीन पिढ्या कशा लिहिणार?"

"कायतरी चुकलं असंल," महादेवी म्हणाली.

दानेश्वरी पुढं सरकली. "म्हंजे सासूबाईंचं विरजण मोडलं. व्हय न्हवं?"

शिवलीलानं सरांच्या हातातून कागद घेतला. दोनदा वाचला. घडी घालून परत दिला.

"चूक नाही. मीच बदललं, अव्वा."

महादेवीनं मान वर केली. "कवा?"

"लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात. तुम्ही बदामीला गेला होता. विरजण नासलं. घाबरले आणि खालच्या दुकानातून कप आणला."

महादेवीनं घडी घातलेल्या कागदाकडे बघितलं, मग सुनेकडे.

"सांगायचं न्हाईस?"

"धाडस झालं नाही."

"बघा आजकालच्या पोरी!" दानेश्वरी कडाडली. "बिचारीनं जन्मभर जपलं आणि हिनं पंधरा दिवसांत घालवलं." महादेवीला ती पहिल्यांदाच बिचारी म्हणाली होती.

फोटो छापला गेला नाही. विरजण मात्र डेअरीनं घेतलं, आणि दही पुन्हा लागायला लागलं. राजवर्धन सर दोन वर्षांनी मोठ्या पगारावर पुण्याला परत गेले. दानेश्वरी दर सोमवारी जावेला फोन करू लागली. तासतासभर दोघी सुनांवर बोलत.

भावकीतल्या लग्नात शिवलीलाला सगळी कामं मिळत. "दही सोडून काय पण कर, बाई," असं कुणी ना कुणी म्हणेच. तीही हसे.

महादेवी २०२३ मध्ये गेली. जायच्या आधी तिनं हातातल्या पाटल्या लेकीला, क्रांतीला, न देता शिवलीलाच्या हातात घातल्या. क्रांती तेव्हापासून माहेरी आलेली नाही. आईनं असं का केलं, ते शिवलीलाच्या नवऱ्याला, सोमेशला, अजून उमगलेलं नाही.

शिवलीला त्याच प्रयोगशाळेत आहे. वाणांची जुनी वही पहिल्यापासून तीच सांभाळते. सतरा नंबरच्या पानावर शेवटची नोंद आहे, वापर कायमचा बंद, मार्च १९९९. त्या साली शिवलीला चौथीत होती.